जरा खालच्या पट्टीत : ज्येष्ठांची कला आणि तब्येत

मागच्या अंकात आम्ही ज्येष्ठांच्या कलावर्गांबद्दल प्रश्न मागवले होते. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून बरीच पत्रं आली. निवडक प्रश्नांना भौतिकोपचार, वाचाउपचार आणि कलाशिक्षण या क्षेत्रांत काम करणाऱ्यांनी मिळून उत्तरं दिली आहेत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे नव्वदेक सभासद आहेत. वाढदिवस, व्याख्यान, सहल हे चालू असतं. गेल्या वर्षी चित्रकलेची दोन दिवसांची कार्यशाळा घेतली, चाळीस जण आले. नंतर मात्र कुणी ब्रश हातात धरला नाही. आमचं कुठे चुकलं? (विश्रामबाग, सांगली)

चाळीस माणसं आणि दोन दिवस, इथेच चुकलं. एका शिक्षकापुढे चाळीस जण बसले की प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटं येतात. त्यात नवं काही हाताला लागत नाही, एक बऱ्यापैकी चित्र आणि ग्रुप फोटो तेवढा होतो. दहा ते बारा जण, आठवड्यातून एकदा दीड तास, सलग बारा आठवडे आणि शेवटी लोकांसमोर काहीतरी सादर करायचं, असा बेत ठेवा. बाकीच्यांना सांगा की पुढची तुकडी तुमची. यादीत नाव लागलं की ओढ वाढते.

याला आधार आहे. अमेरिकेत जीन कोहेन या वृद्धमानसोपचार तज्ज्ञांनी 2001 पासून वॉशिंग्टन, ब्रुकलिन आणि सॅन फ्रान्सिस्को या तीन ठिकाणी सुमारे तीनशे ज्येष्ठांचा अभ्यास केला. सरासरी वय ऐंशीच्या घरात होतं. वॉशिंग्टनच्या गायनवृंदाला व्यावसायिक शिक्षक होते, नियमित तालमी आणि जाहीर कार्यक्रम होते. वर्षभरानं पाहिलं तर गाणाऱ्यांच्या डॉक्टरकडच्या फेऱ्या, औषधं आणि पडण्याचे प्रसंग न गाणाऱ्या गटापेक्षा कमी होते. मात्र कोण कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. गाण्याची हौस असलेली माणसं मुळातच जरा उत्साही असू शकतात. म्हणून पत्रकावर ‘गाण्याने बीपी जातो’ असलं काही छापू नका. एका निवृत्त डॉक्टर सभासदानं हरकत घेतली की वर्ग तिथेच बसतो.

दीड तासाची आखणी अशी करा. पहिली दहा मिनिटं खुर्चीत बसून खांदे, मनगटं आणि बोटं मोकळी करायची. मग पस्तीस मिनिटं नवा धडा, पंधरा मिनिटं चहा, पंचवीस मिनिटं आपापलं काम आणि शेवटची पाच मिनिटं एकमेकांचं काम पाहणं. चहाची पंधरा मिनिटं कापू नका. ओळखी तिथेच होतात आणि पाण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांना बाथरूमला जायला सवड मिळते. मधुमेह असलेल्यांसाठी बिनसाखरेचा चहा आणि जोडीला मूठभर फुटाणे ठेवा.

खोली तळमजल्यावरची हवी. कमोड आणि धरायला दांडा असेल तर उत्तम. खुर्च्यांना हात असावेत आणि बैठकीची उंची सतरा-अठरा इंच असावी. प्लास्टिकच्या बिनहाताच्या खुर्चीतून उठताना माणूस शेजारच्याचा आधार घेतो आणि कधी कधी दोघंही कलंडतात. उजेड डाव्या बाजूनं यावा, डावखुऱ्यांसाठी उजव्या. चार जणांमागे एक मदतनीस हवा. मदतनिसानं समोरच्याच्या कागदावर आपला ब्रश चालवायचा नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगा.

तिसऱ्या आठवड्यात गळती लागते. पहिल्या दिवशीचं नवल ओसरलेलं असतं आणि हाताला अजून जमत नसतं. म्हणून त्या आठवड्यातल्या वर्गाच्या आदल्या दिवशी प्रत्येकाला फोन करा. व्हॉट्सॲपवर निरोप टाकून भागत नाही. तुळशीचं लग्न उरकलं की सुरुवात करा, म्हणजे संक्रांतीनंतर बारा आठवडे पूर्ण होतात. ज्येष्ठ-आषाढात निम्मी मंडळी वारीत किंवा वारीच्या तयारीत असतात, मे महिन्यात नातवंडं घरी असतात. वर्ग सांगलीच्या नदीजवळच्या गावभागात घेणार असाल तर सामान पावसाळ्यात माळ्यावर ठेवा. 2019 आणि 2021 चा पूर सांगलीकरांना वेगळा सांगायला नको.

शिक्षकाला मानधन द्या, थोडं का होईना. फुकट येणारा शिक्षक लग्नसराईत येत नाही. आणि शिक्षक कलेतलाच हवा. ‘वृद्धांना रमवणारा’ माणूस नको, चूक दाखवून देणारा हवा. सत्तरीच्या माणसाला खोटी शाबासकी लगेच कळते.

सासूबाई 71 वर्षांच्या आहेत. हयातभर गोधड्या शिवल्या. आता अंगठ्याच्या मुळाशी आणि बोटांच्या पेरांत संधिवात आहे. सुई धरवत नाही म्हणून दिवसभर बसून असतात. त्यांना पुन्हा शिवायला लावावं का? (कराड)

लावा, पण पूर्ण गोधडी नको. चार-पाच थरांची गोधडी मांडीवर घेतली की तिचं वजन मनगटावर येतं. दुपट्यापासून सुरुवात करा, अडीच फूट बाय तीन फूट. वर आणि खाली सुती साडी, आत फार तर दोन थर. सगळं कापड धुवून मऊ झालेलं सुतीच असावं. नायलॉन किंवा पॉलिस्टरची वीण घट्ट असते, सुई आत अडकते आणि ती ओढताना नेमका अंगठ्याचा सांधा दुखतो.

काम मांडीवर न घेता टेबलावर घ्या. टेबल कोपराच्या उंचीचं हवं. दुपट्याची कड दोन स्प्रिंगच्या चिमट्यांनी टेबलाला अडकवली की डाव्या हाताला कापड धरून ठेवावं लागत नाही. सुई लांब आणि मोठ्या नेढ्याची घ्या. आठ-दहा सुयांत आधीच दोरा ओवून थर्माकोलच्या तुकड्यात खोचून ठेवा. दोरा हातभरच, अठरा इंच. लांब दोरा ओढायला हात खांद्याच्या वर जातो आणि धरलेला खांदा असेल तर रात्री कळ मारते. सुई ओढायला सायकलच्या जुन्या ट्यूबचा इंचभर तुकडा कापून द्या. तो सुईभोवती धरला की चिमटीत फार जोर लावावा लागत नाही. सुया गुळगुळीत होऊन निसटण्याचा त्रासही यानं जातो. टाके अर्ध्या इंचाचे चालतील. पूर्वीसारखे गव्हाएवढे बारीक येत नाहीत म्हणून त्या नाराज होतील. तेव्हा जाड रंगीत दोरा द्या, मोठा टाकाच मग नक्षी म्हणून उठून दिसतो.

वेळ दुपारची ठेवा. संधिवातात सकाळी बोटं आखडलेली असतात. वीस मिनिटं शिवायचं, पाच मिनिटं मुठी उघडझाप करायच्या, मग हवं तर आणखी वीस. काम थांबवल्यावर दोन तासांहून जास्त दुखत राहिलं तर दुसऱ्या दिवशी वेळ निम्मी करा. सांधा लाल, गरम किंवा सुजलेला असेल त्या दिवशी सुई नाही, त्या दिवशी ठिगळांचे रंग जुळवायचे. कुठला तुकडा कुठे बसवायचा हे ठरवणं म्हणजे अर्धी गोधडी झाली, हे त्या तुम्हाला जास्त चांगलं सांगतील.

मधुमेहामुळे बोटं बधिर असतील तर टोचलेलं कळत नाही. अंगुस्तान घालायला लावा, काम संपल्यावर बोटं पाहा आणि सुया मोजून ठेवा. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर हे जास्तच सांभाळा.

शेजारच्या दोघी-तिघींना बोलावलंत तर निम्मं काम झालं. दोन टेबलं जोडायची, चार बाजूंना चौघी. ज्यांना शिववत नाही त्या दोरे ओवतील आणि तोंडानं ओव्या म्हणतील. ओव्या जुन्या असल्या तर त्या वहीत उतरवून घ्या.

वडिलांना पक्षाघात झाल्यापासून बोलता येत नाही, उजवा हात लुळा आहे. पण हरिपाठ लागला की शब्दन् शब्द गातात! मग ते मुद्दाम बोलत नाहीत का? गाण्यातून बोलणं परत येतं असं ऐकलं, खरं का? (मिरज)

मुद्दाम अजिबात करत नाहीत. घरोघरी हाच गैरसमज होतो आणि माणूस आतल्या आत कुढतो. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली की नवं वाक्य जुळवणं अवघड होतं. त्याला वाचाघात म्हणतात. पाठ असलेलं गाणं, एक ते दहा आकडे, रोजचा नमस्कार आणि हो, शिव्याही, या गोष्टी अखंड लड सुटावी तशा बाहेर येतात. त्या जुळवाव्या लागत नाहीत. गाण्यात मेंदूची उजवी बाजूही मोठ्या प्रमाणावर कामाला येते.

याच आधारावर 1973 मध्ये बोस्टनमधल्या तज्ज्ञांनी सुरावर बोलायला शिकवण्याची एक पद्धत मांडली. समजतं पण बोलवत नाही, अशांसाठी ती आहे. ज्यांना आपलं बोलणंच समजत नाही त्यांना तिचा फारसा उपयोग होत नाही. त्यात गाणं शिकवत नाहीत. रोजच्या गरजेचं दोन-तीन अक्षरांचं वाक्य घेतात, ‘पाणी दे’ किंवा ‘चहा दे’. दोनच स्वर, सा आणि कोमल गंधार एवढ्या अंतराचे. ज्या अक्षरावर जोर ते वरच्या स्वरात, बाकीची खालच्या. प्रत्येक अक्षराला रुग्णाच्या डाव्या हातानं टेबलावर एक टकटक. आधी तज्ज्ञ नुसतं गुणगुणतो, मग दोघं मिळून गातात, मग तज्ज्ञ मध्येच गप्प होतो आणि रुग्ण एकटा पूर्ण करतो. त्यानंतर प्रश्न विचारून तेच उत्तर काढून घेतात. शेवटी सूर हळूहळू काढून बोलण्याकडे आणतात. रोज अर्धा-पाऊण तास, काही आठवडे नेटानं करावं लागतं.

घरी हे बिघडतं ते असं. टीव्ही चालू असतो. लय फार जलद होते. गाता येतं म्हणून कुटुंब सुरात नक्षी घालू लागतं आणि वाक्य पुन्हा ‘गाणं’ होऊन बसतं. एक वाक्य पक्कं होण्याआधीच दहा वाक्यं दिली जातात. म्हणून सुरुवात वाचाउपचार तज्ज्ञाबरोबर करा, तोही मराठीत काम करणारा. संशोधनात ऐकलेलं परत म्हणणं नक्की सुधारलेलं दिसतं. रोजच्या गप्पांत ते कितपत उतरतं याबाबत निष्कर्ष एकसारखे नाहीत. तेव्हा ‘महिन्यात बोलायला लागतील’ असा शब्द त्यांना देऊ नका.

हरिपाठ मात्र थांबवू नका. भजनात त्यांना दोन पक्क्या आवाजांच्या मध्ये बसवा, शब्द अडला तरी लड तुटत नाही. आणि मिरजेत राहता तर तंबोऱ्याचा विचार करा. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, कारागिरांची दुकानं दर्ग्याजवळच्या गल्लीत आहेत. मोठा पुरुषी तंबोरा नको, लहान तंबोरी घ्या. ती टेबलावर आडवी ठेवा आणि डाव्या हातानं छेडू द्या, मधलं बोट पहिल्या तारेला आणि तर्जनी उरलेल्या तिन्हींना. लय एकसारखी ठेवायची एवढंच काम. बोलता न येणाऱ्या माणसाशिवाय गाणं सुरूच होत नाही, ही जागा त्यांना मिळते.

गावात पुरुषांचं भजनी मंडळ आहे, सरासरी वय 68. तिघांना दमा किंवा सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होणारा फुफ्फुसाचा जुनाट आजार) आहे. ते म्हणतात गाऊन बरं वाटतं, घरचे म्हणतात धाप लागते, बंद करा. (पलूस तालुका)

दोघांचंही खरं आहे. इंग्लंडमध्ये फुफ्फुसाच्या रुग्णांसाठी खास गायनगट चालतात. गाताना श्वास सावकाश, लांब सोडावा लागतो आणि सीओपीडीत नेमकी तीच अडचण असते. हवा आत अडकून राहते. पण आपल्या भजनाची जी रीत आहे तीत धाप लागणारच. ती थोडी बदला.

पहिलं म्हणजे उदबत्ती, धूप आणि कापूर गाभाऱ्यात ठेवा, मंडळ बसतं तिथे नको. निम्मी खोकल्याची उबळ याच धुरानं येते. दुसरं, पट्टी. वारकरी भजनाची पट्टी चढी असते आणि चाळिशीत लावलेली पट्टी मंडळं सत्तरीतही सोडत नाहीत. काळी चारवर, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर, ताणण्यापेक्षा खालच्या काळी एकवर घ्या. आवाज फाटत नाही आणि गळ्याबरोबर मानही ताठत नाही. एखाद्याला हे कमीपणाचं वाटेल, तर दोन आठवडे काही न बोलता पेटीवाल्यानंच पट्टी बदलावी. बहुतेकांना कळणारही नाही.

तिसरं, बसणं. मांडी घातली की पोट दाबलं जातं आणि छातीखालच्या श्वासाच्या पडद्याला खाली सरकायला जागा उरत नाही. त्या तिघांना खुर्ची द्या, पाय जमिनीला टेकलेले. टाळ हात वर धरून वाजवले की खांद्याचे स्नायू श्वासाच्या मदतीला उरत नाहीत. म्हणून कोपरं खुर्चीच्या हातावर टेकवून लहान टाळ वाजवू द्या. चरण दोन तुकड्यांत म्हणा, एक तुकडा अर्ध्या मंडळानं, पुढचा उरलेल्यांनी. गजर दर वेळी चढवत नेऊ नका. दोन अभंगांच्या मध्ये दोन मिनिटं थांबून ओठ शीळ घातल्यासारखे करून श्वास सोडायचा.

पंप डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळीच घ्या आणि तो खिशात असू द्या. ओठ निळसर दिसणं, छातीत दुखणं, गरगरणं, एक वाक्य पूर्ण बोलता न येणं, यातलं काही दिसलं तर भजन थांबवून दवाखाना. दोन आठवड्यांहून जुना खोकला असेल तर आधी थुंकी तपासून घ्या. एका खोलीत दाटीनं गाण्यातून क्षय पसरतो.

आमचा मंगळागौरीच्या खेळांचा गट आहे, वयं 60 ते 72. गेल्या श्रावणात एकीचं मनगट मोडलं. खेळ सोडवत नाहीत. काय गाळावं? (सातारा)

गाठोडं, बसफुगडी आणि कोंबडा सरळ गाळा. पाठ पुढे वाकवून गोल होणं ठिसूळ मणक्यांना धोक्याचं आहे, उकिडवं बसून उड्या गुडघ्यांना. उभी फुगडी गिरकीची नको. एक हात सुटला की दोघी पाठीमागे फेकल्या जातात, माणूस हात टेकतो आणि मनगट तिथेच जातं. घागर फुंकणं काचबिंदू, हर्निया किंवा न आवरलेला रक्तदाब असलेल्यांनी टाळावं.

झिम्मा, टिपऱ्या, लाटण्याचे आणि सुपाचे खेळ राहू द्या. निम्म्या जणींनी खुर्चीत बसून, निम्म्यांनी उभ्यानं खेळले तर रिंगणही सुंदर दिसतं. पिंगा कंबरेतून न वाकता, गुडघे किंचित सैल ठेवून घाला. नऊवारी घोट्याच्या वर नेसा. पायात मोजे नकोत, शहाबादी फरशीवर ते घसरतात.

कोण उभ्यानं खेळणार हे वयावर ठरवू नका. हातांच्या खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. नेहमीच्या चालीनं बारा सेकंदांहून जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरा आणि त्या बाईंना बसून खेळायला द्या. श्रावणाच्या दोन महिने आधी आठवड्यातून तीनदा खुर्ची धरून टाचा उचलणं आणि खुर्चीतून उठबस करणं सुरू करा. ‘ड’ जीवनसत्त्व आणि हाडांची तपासणी डॉक्टरांना विचारून.

वडील एसटीत मेकॅनिक होते. आता डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश आहे. कुणीतरी सांगितलं म्हणून लहान मुलांचं रंगवायचं पुस्तक आणून दिलं, त्यांनी फाडलं. (वाई)

त्यांनी योग्य केलं. ससा आणि फुगा रंगवायला देणं हा त्यांचा अपमान आहे आणि विस्मरण झालं तरी अपमान कळतो. त्यांच्या हाताला जे ठाऊक आहे तिथून सुरुवात करा. लाकडाचा पाट, 120 नंबरचा पॉलिश पेपर आणि घासायला मोकळा हात. गुळगुळीत झाला की एका मोठ्या चपट्या ब्रशनं पाण्यात विरघळणारा, विषारी नसलेला रंग. एकदा दोनच रंग. किंवा मऊ तांब्याची तार आणि मोठे नट-बोल्ट, जे बनेल ते.

एका वेळी एकच गोष्ट समोर ठेवा आणि एकच सूचना द्या. पांढऱ्या टेबलावर पांढरा कागद त्यांना दिसत नाही, खाली गडद कापड अंथरा. रंगाचं पाणी पेल्यात किंवा कपात देऊ नका, ते पिऊन टाकतात. बसक्या, पसरट भांड्यात द्या. ‘हे काय काढलंय?’ आणि ‘आठवतंय का?’ हे दोन प्रश्न घरात बंद. त्याऐवजी ‘इथे अजून रंग लावू का?’ विचारा. वेळ सकाळी दहा-अकराची. संध्याकाळी अस्वस्थता वाढते, तेव्हा ब्रशही नको आणि पाटही नको.

वर्गाचा उपयोग झाला हे मोजायचं कसं? नगरपालिकेला काहीतरी दाखवावं लागतं. (तासगाव)

जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची मनःस्वास्थ्य प्रश्नावली वापरा. गेल्या दोन आठवड्यांतली प्रसन्नता, शांतपणा, उत्साह, झोप आणि रोजच्या जगण्यातला रस विचारलेला असतो. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, बेरीज गुणिले चार, म्हणजे शंभरपैकी. पहिल्या आणि बाराव्या आठवड्यात भरून घ्या. पन्नास किंवा त्याखाली कुणी असेल तर ते कागद फाइलला लावून गप्प बसू नका, त्या माणसाला डॉक्टरांकडे पाठवा. जोडीला हजेरीपट आणि वर सांगितलेली तीन मीटरची चाल. बारा जणांच्या सरासरीवरून मोठे दावे करू नका. नुसती हजेरी ऐंशी टक्क्यांवर राहिली तरी पालिकेला पुरतं. एकट्या राहणाऱ्या, मार खाणाऱ्या किंवा उपाशी असलेल्या कुणाचा अंदाज आला तर 14567 ही ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन आहे.

श्रवणयंत्र लावलं की पेटी कर्कश वाजते, काढलं की शब्द कळत नाहीत. (सांगली)

यंत्र समोरच्याचं बोलणं ऐकू यावं म्हणून जुळवलेलं असतं. ते पेटीचा लांबलेला सूर गोंगाट किंवा शिट्टी समजून दाबतं, म्हणून तो थरथरतो. ऑडिओलॉजिस्टकडून (श्रवणतज्ज्ञाकडून) संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम बसवून घ्या, त्यात गोंगाट आणि शिट्टी दाबणाऱ्या सोयी बंद किंवा कमी करायला सांगा. शक्य असेल तर पेटी बरोबर घेऊन जा आणि तिथेच वाजवून पाहा. वर्गात पंख्याखाली आणि स्पीकरजवळ बसू नका.